नवा कन्सोल आला की मी आधी कंट्रोलर का बघते

नवीन कन्सोलची घोषणा झाली की पहिल्या तासाभरात सगळीकडे एकच चर्चा, किती टेराफ्लॉप्स, किती जीबी रॅम, फोरके चालणार का, १२० हर्ट्झ आहे का. मी पण ते सगळं वाचते, अगदी आवडीने वाचते, पण त्याच्याआधी मी कंट्रोलरचे फोटो झूम करून बघते. कडेला लेन्ससारखं काहीतरी काळं चमकतंय का, कुठे चुंबक बसवलंय का, एखादं बटण उगाचच वेगळ्या आकाराचं आहे का. कारण माझं ठाम मत आहे की गेमिंगमधली खरी नवी गोष्ट बहुतेक वेळा डब्याच्या आत होतच नाही, ती आपला हात आणि मशीन जिथे भेटतात तिथे होते. आणि जी गॅजेट्स बघून लोक म्हणतात की हे काय भलतंच, ती सगळी त्याच जागेवर केलेले प्रयोग असतात. ते कसे चालतात हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, शाळेतलं फिजिक्स पुरतं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

तरी आधी डब्याचं उरकून घेऊ, कारण त्याबद्दलच सगळ्यात जास्त वाद होतात. कन्सोल म्हणजे कॉम्प्युटरच, पण एकाच कामासाठी बांधलेला. एका मोठ्या चिपमध्ये हिशोब करणारा सीपीयू आणि चित्र काढणारा जीपीयू शेजारी शेजारी, दोघांत मिळून एकच मेमरी, गेम्स साठवायला एक एसएसडी, आणि सगळी गरमी बाहेर फेकायला पंखा. काम काय, तर सेकंदाला साठ वेळा नवीन चित्र तयार करायचं. म्हणजे एका चित्राला (त्यालाच फ्रेम म्हणतात) साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात तुम्ही कुठलं बटण दाबलंय ते वाचायचं, शत्रूंना हलवायचं, कोण कोणाला धडकलं ते ठरवायचं, आवाज काढायचा आणि फोरके असेल तर ८२,९४,४०० पिक्सेलना रंग द्यायचा. १२० फ्रेम्स हव्या असतील तर वेळ निम्मा, ८.३ मिलिसेकंद. एवढ्यात काम झालं नाही की फ्रेम चुकते आणि आपण म्हणतो गेम अडकतोय.

टेराफ्लॉपचा आकडा कुठून येतो ते एकदा स्वतः करून बघा. प्लेस्टेशन ५ च्या जीपीयूमध्ये ३६ कम्प्युट युनिट्स आहेत, प्रत्येकात गणित करणारे ६४ छोटे भाग, प्रत्येक भाग क्लॉकच्या एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज अशी दोन गणितं करतो, आणि ठोके पडतात सेकंदाला जास्तीत जास्त २.२३ अब्ज. ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३, उत्तर येतं साधारण १०,२७६ अब्ज, म्हणजेच १०.२८ टेराफ्लॉप्स. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ५२ युनिट्स आहेत पण ठोके कमी, १.८२५ अब्ज, तिथे उत्तर १२.१५. बास, एवढंच आहे ते. सगळे भाग एकही ठोका वाया न घालवता राबले तर जास्तीत जास्त किती गणितं होतील, एवढंच हा आकडा सांगतो, आणि खऱ्या गेममध्ये तसं कधीच होत नाही, कोणी ना कोणी मेमरीतून डेटा यायची वाट बघत बसलेलं असतं. म्हणून २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हे दोन्ही आले तेव्हा कागदावर फरक मोठा दिसत होता आणि प्रत्यक्षात बऱ्याच गेम्समध्ये दोन्हीकडचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं तरी पटकन ओळखू येत नव्हतं.

त्या पिढीत जाणवणारा बदल होता एसएसडीचा. आधीच्या कन्सोलमधली फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचायची, प्लेस्टेशन ५ ची एसएसडी ५.५ जीबी वाचते. जुन्या गेम्समध्ये मध्येच लांबलचक बोळ, हळू चालणारी लिफ्ट, दोन खडकांच्या फटीतून तिरकं होऊन सरकणारा हिरो असं सारखं का असायचं हे आठवून बघा. ते बऱ्याचदा गोष्टीसाठी नसायचं, तेवढ्या वेळात पुढचा भाग लोड होत असायचा.

आणि कन्सोलची खरी ताकद म्हणजे तो बदलत नाही. गेम बनवणाऱ्याला माहीत असतं की सगळ्यांच्या घरी तंतोतंत हीच चिप आहे, त्यामुळे तो तिच्याकडून शेवटचा थेंब काढतो. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये रॅम होती १२८ बाइट्स. जीबी नाही, एमबी नाही, बाइट्स. आजच्या पद्धतीने देवनागरी साठवायची तर एका अक्षरचिन्हाला तीन बाइट्स लागतात, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम ४२ चिन्हं बसतील, हे वाक्यसुद्धा पूर्ण मावणार नाही. पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती, मग प्रोग्रॅमर लोक टीव्हीवर जशी एकेक रेघ उमटत जाईल तशी ती त्या क्षणी काढत जायचे. तरी त्यावर गेम्स झाले आणि लोक तासन्‌तास खेळले. म्हणून फक्त आकडे बघून नव्या मशीनवर मत बनवणं मला पटत नाही.

आता हाताकडे येऊ. हा प्रकार पहिल्या कन्सोलपासून आहे. घरी खेळायचा पहिला व्हिडिओगेम कन्सोल म्हणजे १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेला. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते, स्क्रीनवर फक्त एक उभी रेघ आणि काही पांढरे चौकोनी ठिपके. मग मैदान, जंगल, भुताचं घर कसं दाखवणार? तर सोबत पारदर्शक प्लास्टिकचे रंगीत पत्रे यायचे, ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे आणि त्याच्या मागे तो ठिपका हलवायचा! मला हे प्रचंड आवडतं. मशीनला जमत नाही ना, मग मशीनच्या बाहेर करू.

पण विचित्र गॅजेट्समध्ये माझं सगळ्यात लाडकं म्हणजे निन्टेंडोची झॅपर बंदूक, जिने डक हंट या गेममधली बदकं मारायची. बहुतेकांना वाटतं की बंदुकीतून काहीतरी किरण निघून टीव्हीवर आदळतो. उलटं आहे. बंदुकीतून काहीच निघत नाही, तिच्या नळीत एक लेन्स आणि प्रकाश ओळखणारा डायोड आहे, म्हणजे ती बंदूक टीव्हीकडे बघते. खटका दाबला की गेम एका फ्रेमपुरती सगळी स्क्रीन काळी करतो, आणि पुढच्या फ्रेमला फक्त बदक असेल तिथे पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला म्हणजे नेम लागला. दोन बदकं असतील तर पहिल्याचा चौकोन एका फ्रेमला, दुसऱ्याचा पुढच्या फ्रेमला, मग कुठल्या फ्रेमला उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक पडलं ते कळतं. आणि ती काळी फ्रेम कशाला, तर कोणी बंदूक खोलीतल्या बल्बकडे धरून चीटिंग करू नये म्हणून, बल्बकडे धरली तर अंधार दिसणारच नाही. किती कमी सामानात किती हुशारी आहे ही, एक लेन्स, एक डायोड आणि दोन-तीन फ्रेम्स.

हीच बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही, आणि त्याचं कारणही तितकंच छान आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत सिग्नल आला की त्याच क्षणी तो काचेवर उमटायचा. आजचा टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो, त्यात काही फ्रेम्सचा उशीर होतो, तोपर्यंत गेमने नेम चुकला असं ठरवून टाकलेलं असतं. शिवाय पिक्चर ट्यूबचा प्रकाश रेघेरेघेने चमकत यायचा, बंदुकीतलं सर्किट त्या चमकण्याच्या वेगालाच जुळवलेलं होतं. आता सिंडेन लाइटगन नावाची एक बंदूक मिळते जी वेगळ्या रस्त्याने जाते, गेमच्या भोवती एक पांढरी चौकट दाखवायची आणि बंदुकीतल्या कॅमेऱ्याने ती चौकट किती तिरकी, किती मोठी दिसतेय त्यावरून नेम कुठे आहे ते काढायचं.

१९८९ चा पॉवर ग्लोव्ह पण भारी कल्पना होती, हातमोज्यावरून ऐकू न येणारा आवाज सोडायचा, टीव्हीभोवती लावलेल्या माइकनी तो पकडायचा आणि हात कुठे आहे ते ठरवायचं, पण प्रत्यक्षात त्याने खेळणं फार अवघड होतं. तिथेच सोडून देऊ.

गुनपेई योकोई या माणसाबद्दल मात्र थांबून सांगायलाच हवं. आज बहुतेक कंट्रोलरवर जी अधिकच्या चिन्हासारखी बटणं असतात ती निन्टेंडोमध्ये यांनी आणली, १९८२ च्या डाँकी काँगच्या गेम अँड वॉच या हातात धरायच्या छोट्या गेमवर. त्यांचं तत्त्व असं होतं की जुनं झालेलं, स्वस्त आणि सगळ्या खोडी माहीत असलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कोणी वापरलं नसेल अशा कामाला लावायचं. १९८९ चा गेम बॉय, हातात धरून खेळायचा कन्सोल, ह्याच विचारातून आला. त्याच वर्षी अटारीने रंगीत स्क्रीनचा लिंक्स काढला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत, आतून उजळणारा. गेम बॉयची स्क्रीन हिरवट, चार छटांची, १६० बाय १४४ पिक्सेलची, मागे लाइटसुद्धा नाही. कागदावर हरलेलाच होता तो. पण गेम गिअर सहा सेल खाऊन तीन ते पाच तास चालायचा, आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट जास्त. बाहेर घेऊन फिरायच्या वस्तूत सेल किती टिकतात ही गोष्ट रंगांपेक्षा मोठी असते हे योकोईंनी ओळखलं, आणि गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११.८ कोटींच्या वर विकले गेले.

त्यांचाच व्हर्च्युअल बॉय १९९५ मध्ये आला आणि वर्षभरात बंद पडला, गेम्स आले एकूण २२. सगळं चित्र लाल आणि काळं, स्टँडवर ठेवलेल्या डब्यात डोळे घालून खेळायचं, मान आणि डोळे दोन्ही दुखायचे. लोक त्याला आजही सगळ्यात मोठं अपयश म्हणतात, पण आत काय होतं ते बघा. प्रत्येक डोळ्यासाठी स्क्रीन नव्हतीच! २२४ लाल एलईडी दिव्यांची फक्त एक उभी रांग, आणि तिच्यासमोर वेगाने मागेपुढे हलणारा आरसा. आरसा हलता हलता ती रांग ३८४ वेगवेगळ्या जागी दिसते, प्रत्येक जागी दिवे वेगळ्या पद्धतीने पेटतात, आणि हे इतक्या पटकन होतं की डोळ्याला पूर्ण चित्र दिसतं. दोन्ही डोळ्यांना थोडं वेगळं चित्र दिलं की मेंदू त्यातून खोली काढतो, आपण खऱ्या जगात अंतर ओळखतो तसंच. लालच का, तर लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खायचे, चांगला उजेड देणारा निळा एलईडी १९९३ मध्ये नुकता तयार झाला होता आणि निळ्याशिवाय सगळे रंग बनवता येत नाहीत. म्हणजे डोकं बरोबर चाललं होतं, पण त्याला लागणारं सामान अजून महाग होतं.

मग २००६ मध्ये निन्टेंडोचा वी हा कन्सोल आला. इथे सगळ्यांची एक समजूत आहे ती आधी दूर करते. टीव्हीवर ठेवायची ती काळी लांब पट्टी असायची ना, ती रिमोटला बघत नाही. तिच्या दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे आहेत, बाकी काही नाही. कॅमेरा रिमोटच्या पुढच्या टोकाला आहे. तो कॅमेरा दोन चमकणारे ठिपके बघतो, ठिपके डावीकडे सरकले म्हणजे रिमोट उजवीकडे वळला, दोन्हींमधलं अंतर कमी दिसलं म्हणजे तुम्ही लांब गेलात, ठिपके तिरके झाले म्हणजे मनगट फिरलं. म्हणूनच पट्टी नसेल तर तिच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी पॉइंटर चालतो, ज्योतीतून इन्फ्रारेड निघतं आणि कॅमेऱ्याला तेवढंच हवं असतं. (करून बघणार असाल तर मोठं कोणीतरी जवळ असू द्या, आणि पडद्यापासून लांब.)

वी रिमोटमध्ये दुसरी गोष्ट होती अॅक्सिलरोमीटर, आणि हे नीट समजलं की फोनपासून ड्रोनपर्यंत अर्ध्या गॅजेट्सचं गणित समजतं. बसने अचानक ब्रेक मारला की उभा असलेला माणूस पुढे झुकतो, तो किती झुकला त्यावरून ब्रेक किती जोरात लागला ते कळतं. चिपच्या आत हेच आहे, सिलिकॉनचं एक अतिसूक्ष्म वजन, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेलं, त्याला कंगव्यासारखे दाते. रिमोट हलला की वजन मागे राहतं, दात्यांमधलं अंतर बदलतं, त्यामुळे विजेचा साठा बदलतो आणि तो मोजला जातो. गुरुत्वाकर्षण पण त्या वजनाला सतत खाली ओढत असतं, त्यामुळे रिमोट स्थिर असेल तर खाली कुठे आहे हे त्याला आपोआप कळतं.

पण एक गोष्ट त्याला कधीच कळत नाही. टेबलावर ठेवलेला रिमोट तसाच आडवा गोल फिरवा, खाली होतं ते खालीच राहिलं, गुरुत्वाकर्षणात काहीच बदललं नाही, मग अॅक्सिलरोमीटरच्या दृष्टीने तो जणू फिरलाच नाही. त्यासाठी जायरोस्कोप लागतो, तो निन्टेंडोने २००९ मध्ये मोशनप्लस नावाचा वेगळा तुकडा काढून रिमोटच्या खाली जोडायला दिला. जायरोच्या आत एक वजन सतत थरथरत असतं, आणि चिप फिरली की ते थरथरणारं वजन बाजूला ढकललं जातं, ते ढकललं जाणं मोजायचं. मात्र जायरो सांगतो किती वेगाने फिरतोय, किती फिरलो ते नाही. ते काढायला वेग सतत बेरजेत धरत जावं लागतं आणि प्रत्येक बेरजेत कणभर चूक असते, ती साठत साठत जाते. वरखालीची चूक गुरुत्वाकर्षणाकडे बघून सुधारता येते, डावी-उजवीकडची सुधारायला कुठलाच आधार नाही. आता जायरोने नेम धरायच्या गेम्समध्ये मधून मधून पॉइंटर मध्यभागी आणायचं बटण का दाबावं लागतं ते कळलं का? ती सॉफ्टवेअरची चूक नाही, फिजिक्सच तसं आहे.

कंट्रोलर आपल्याला उलट उत्तर देतो ती गोष्ट पण तेवढीच मोठी आहे. १९९७ मध्ये निन्टेंडो ६४ चा रंबल पॅक आला, त्याच वर्षी सोनीचा ड्युअलशॉक कंट्रोलर. त्यांच्यात साधी मोटर आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जास्त वजन, मोटर फिरली की सगळा कंट्रोलर हादरतो. अडचण अशी की मोटरला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, आणि जोर वाढवायचा तर वेगही वाढतोच, दोन्ही वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे स्फोट असो की दार वाजणं असो, सगळं एकसारखंच घूंऽऽऽ. निन्टेंडोच्या २०१७ च्या स्विचमध्ये फिरणारी मोटर नाही, स्प्रिंगवरचं वजन चुंबक आणि कॉइलने सरळ मागेपुढे हलवतात, ते लगेच सुरू होतं, लगेच थांबतं. म्हणून स्विचवरच्या एका गेममध्ये हातात न दिसणारी पेटी आहे असं समजून आत किती गोट्या आहेत ते नुसत्या स्पर्शाने ओळखायचं असतं, आणि गोटी घरंगळत जाऊन भिंतीला टक्क करून लागते ते खरंच जाणवतं. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्सने पुढचं पाऊल टाकलं, त्यातला भाग जवळपास स्पीकरसारखाच आहे, आवाजाची फाइल दिली तर तो ती कंपनात वाजवतो. खटक्यांच्या मागे छोटी मोटर आणि गिअर आहेत जे तुमच्या बोटाला विरोध करतात, धनुष्याची दोरी जसजशी ताणाल तसा खटका जड होत जातो.

आता हे दोन्ही तुकडे, कॅमेरा आणि कंपन, एकत्र आले तर काय होतं? २०१८ चं निन्टेंडो लॅबो. पुठ्ठ्याचे पत्रे यायचे, ते दुमडून पियानो, मासेमारीचा गळ, मोटरसायकलचं हँडल बनवायचं आणि त्यात स्विचचे जॉय-कॉन, म्हणजे त्याचे दोन सुटे कंट्रोलर, खोचायचे. पियानोत एकही वायर नाही. प्रत्येक पट्टीच्या मागे चमकणारं स्टिकर आहे आणि उजव्या जॉय-कॉनच्या खालच्या बाजूला इन्फ्रारेड कॅमेरा आहे, पट्टी दाबली की स्टिकर कॅमेऱ्याच्या नजरेत येतं, कुठलं स्टिकर आलं त्यावरून सूर ठरतो. आणि त्याच्यातली पुठ्ठ्याची गाडी तर मला आजही डोक्यातून काढता येत नाही, तिला चाकं नाहीत, मोटर नाही, दोन्ही बाजूंना एकेक जॉय-कॉन आणि ते थरथरले की गाडी त्या थरथरण्यावर पुढे सरकते, एका बाजूचं कंपन वेगळं केलं की वळते. म्हणजे जो भाग तुमच्या हाताला गुदगुल्या करायला बसवला होता त्याचं इंजिन करून टाकलं. योकोईंनी सांगितलेली गोष्ट हीच तर होती.

स्टिकबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न सगळ्यांना पडतो की कंट्रोलर जुना झाला की पात्र आपोआप एका बाजूला का चालायला लागतं. बहुतेक स्टिकच्या आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारा धातूचा छोटा तुकडा असतो, तो पट्टीवर कुठे आहे त्याप्रमाणे व्होल्टेज बदलतं. लाखो वेळा घासल्यावर पट्टी झिजते, धूळ बसते, आणि मध्यभागी उभं असताना जे व्होल्टेज यायला पाहिजे ते येत नाही, यालाच ड्रिफ्ट म्हणतात. उपाय म्हणजे न घासणारी स्टिक, तिच्या बुडाला चुंबक आणि समोर हॉल सेन्सर, चुंबक हललं की सेन्सरमधलं व्होल्टेज बदलतं, कुठेच काही टेकत नाही. एडविन हॉल यांनी हा परिणाम शोधला १८७९ मध्ये, आणि सेगाने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८ मध्येच वापरला होता. नवीन कंट्रोलर घेताना मी पहिल्यांदा हेच शोधते, आणि तुम्हीही शोधा, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या इतर गोष्टींपेक्षा हे जास्त वर्षं कामाला येतं.

२०२२ मध्ये पॅनिक या कंपनीचा प्लेडेट आला, खिशात मावणारा पिवळा चौकोन, आणि त्याच्या कडेला फिरवायचं हँडल! बघणाऱ्यांना वाटतं हँडल फिरवून बॅटरी चार्ज होते, तसं नाहीये, ते हँडल म्हणजे कंट्रोलर आहे, ते कुठल्या कोनात आहे हे गेमला कळतं. त्यातल्या एका गेममध्ये हँडल पुढे फिरवलं की हिरोसाठी वेळ पुढे जातो, मागे फिरवलं की वेळ मागे, पण इतरांचा वेळ आपला चालूच, मग योग्य क्षणी उलटं फिरवून त्यांना चुकवायचं. स्क्रीन ४०० बाय २४० ची, फक्त काळं आणि पांढरं, मागे लाइट नाही. ती मेमरी एलसीडी प्रकारची आहे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल आपण काळं आहोत की पांढरं हे स्वतःच लक्षात ठेवतो, चित्र बदललं नाही तर वीज जवळजवळ लागतच नाही. चालू २०२० च्या दशकात कोणी मुद्दाम काळी-पांढरी स्क्रीन निवडतं आणि त्यावर इतके वेगळे गेम्स होतात, हे बघून मला खूप आनंद होतो.

आणि आत्ताचा ताजा, स्विच २, ५ जून २०२५ ला आला. लोक त्याच्या ७.९ इंची स्क्रीनबद्दल आणि एनव्हिडियाच्या चिपबद्दल बोलत होते (ती चिप कमी पिक्सेलचं चित्र काढून त्यातलं बाकीचं एआयने भरते, त्यामुळे छोट्या मशीनवर मोठे गेम्स चालतात), आणि मी बघत होते जॉय-कॉनची कड, जिथे तो कन्सोलला चिकटतो. आता रेल नाहीत, चुंबकाने टक्कन बसतो, आणि त्याच कडेला माउसचा सेन्सर आहे. माउस म्हणजे खरं तर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो बारके फोटो काढणारा कॅमेरा, आधीच्या फोटोतले कण पुढच्या फोटोत किती सरकले त्यावरून हालचाल मोजणारा. ड्रॅग एक्स ड्राइव्ह या गेममध्ये दोन्ही हातात दोन माउस धरायचे आणि व्हीलचेअरची दोन चाकं ढकलतो तसे पुढे ढकलत बास्केटबॉल खेळायचं, एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी वळता येतं. दोन माउसने एकाच वेळी खेळायचं हे घरोघरी असलेल्या कॉम्प्युटरवर इतकी वर्षं शक्य असूनही किती जणांना सुचलं?

या सगळ्या गॅजेट्सची एक अडचण आहे ती मात्र मला मनापासून लागते. साधा जुना गेम आज एम्युलेटरवर (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आरामात चालतो, पण विचित्र गॅजेटवरचा गेम तसा जपता येत नाही. २००३ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर बोक्ताई आला, त्याच्या कार्ट्रिजमध्येच सूर्यप्रकाश मोजणारा सेन्सर होता, गेममधली बंदूक चार्ज करायची तर खरोखर उन्हात जाऊन उभं राहायचं. एम्युलेटरमध्ये त्याच्या जागी ऊन कमी-जास्त करायची एक पट्टी मिळते, सरकवली की झालं, गेम पूर्ण होतो, पण जे बनवणाऱ्यांना करायचं होतं ते राहूनच जातं. निन्टेंडो डीएस या दोन स्क्रीनच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या कन्सोलवरच्या झेल्डाच्या एका गेममध्ये नकाशावरची खूण दुसऱ्या नकाशावर उमटवायला अख्खं डीएस मिटावं लागतं, वरची स्क्रीन खालच्या स्क्रीनवर दाबायची. फोनवर तो गेम खेळणाऱ्याला हे कसं सुचणार, त्याला मिटायला काही नाहीच.

म्हणून असलं काही जुनं तुमच्या घरात माळ्यावर किंवा कपाटात पडलं असेल तर आधी त्यातले सेल काढा, वापरत नसाल तर आत ठेवूच नका. अल्कलाइन सेल जुने झाले की फुटून गळतात आणि धातूच्या पट्ट्या खातात. पट्टीवर पांढरा थर दिसला तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, बुडबुडे येतील, ते थांबले की कोरड्या काडीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा, आणि पूर्ण वाळू द्या. हाताला तो थर लागू देऊ नका, त्वचा जळजळते. पट्टी अगदीच गेली असेल तर ती बदलता येते, चुंबकाचे आणि प्रकाशाचे सेन्सर तर वीस-तीस वर्षांनी सुद्धा बऱ्याचदा शाबूत असतात, नवीन सेल घालून आधी चालू करून बघा.